निम्म्या किमतीत गिटार मिळाली, सेटअप मात्र मलाच करावा लागला

डिलिव्हरी आली त्याच रात्री पाच स्टार देऊन मोकळा होणार होतो, बरं झालं नेट स्लो होतं. कारण तिसऱ्या दिवशी डाव्या हाताचा पंजा बघितला तर अंगठ्याच्या मुळाशी मांजरानं ओरखडल्यासारख्या बारीक रेघा, आणि तेव्हा मी एक स्टार देणार होतो. आता आठ महिने झालेत, रोज निदान अर्धा तास तरी वाजतेय, तेव्हा आता लिहितो. मोठं होणारे, चहा घेऊन बसा.

तर माझ्याकडे बरीच वर्षं एक अकूस्टिक आहे, कॉर्ड येतात, गाण्यांच्या मागे खरडता येतं, बार कॉर्ड, म्हंजे एका बोटानं सगळ्या तारा दाबायचे ते, धरले की मनगट बोंबलतं. इलेक्ट्रिक घ्यायची हौस जुनीच, पण चांगलीच घ्यायची तर परवडत नाही आणि स्वस्तातली घ्यायची तर भीती वाटते, या चक्रात किती सेल आले आणि गेले. या वेळी ठरवून एक मॉडेल कार्टमध्ये टाकून ठेवलं, दोन महिने फक्त किंमत बघत बसलो. एक गंमत सांगतो, सेलच्या साधारण दोन आठवडे आधी किंमत गुपचूप चढली. मग सेल लागला, वर मोठा आकडा खोडलेला, खाली 'निम्म्या किमतीत', बाजूला उलटं घड्याळ टिकटिक करतंय. खोडलेल्या किमतीला ती गिटार त्या दोन महिन्यांत एकदाही विकायला नव्हती. माझ्या वहीतल्या आकड्यांप्रमाणे खरी सूट एक तृतीयांशच्या आतबाहेर. वाईट नाहीये, पण निम्मी नाही. आणि ते घड्याळ संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं हेही बघितलंय मी, त्यामुळे घड्याळाला घाबरून काही घेऊ नका.

सूट पण सगळ्या रंगांवर सारखी नव्हती. काळा आणि सनबर्स्ट, म्हंजे सगळ्यांना हवे असतात ते, त्यांच्यावर नावाला सूट. भरपूर सूट होती ती एका फिकट हिरव्यावर. आईनं बघितल्या बघितल्या विचारलं, "अरे, हिला कणकेच्या डब्याचा रंग का दिलाय?" मी तिला समजावलं की पन्नास-साठच्या दशकात फेंडर या गिटार कंपनीवाले त्यांचे खास रंग अमेरिकेतल्या मोटारगाड्यांच्या पेंटमधूनच घ्यायचे, तेव्हा हा रंग जुन्या गाडीचा आहे, डब्याचा नाही. ती म्हणाली, "असेल बाबा." रंगावर पैसे वाचत असतील तर खुशाल वाचवा, वाजवताना तो तुम्हाला दिसतही नाही.

मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण या पट्ट्यातल्या सगळ्याच गिटारी थोड्याफार फरकानं सारख्या आहेत, आणि मी सांगतोय ते जवळपास सगळ्यांना लागू पडेल. आकार तोच, स्ट्रॅटोकास्टरचा, दोन शिंगांचा, जो फेंडरनं १९५४ मध्ये आणला आणि नंतर जगानं इतका उचलला की कंपनीनं अमेरिकेत त्या बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मागितला तो २००९ मध्ये फेटाळला गेला, का तर हा आकार आता सगळ्यांचाच झालाय. हेडस्टॉकचं, म्हंजे खुंट्या असतात त्या डोक्याचं, तसं नाही, तो त्यांचाच. म्हणून या सगळ्या स्वस्त गिटारींची बॉडी डिट्टो असते आणि डोकं मात्र विचित्र, कुणाचं परशूसारखं, कुणाचं चमच्यासारखं. माझीचं केळ्यासारखं आहे. सवय होते.

बॉक्स उघडला. आत थर्माकोलचे दोन तुकडे, पातळ कापडी बॅग, रिबिनीसारखा पट्टा, तीन पिक, एक केबल आणि दोन ॲलन की. या दोन ॲलन की सगळ्यात महत्त्वाच्या आहेत, आणि अर्धे लोक त्या बॉक्ससोबत फेकून देतात, मी पण जवळपास फेकल्याच होत्या. केबल मात्र खरंच फेकायची आहे. हलवली की कडकड, पायाला लागली की कडकड, दुसऱ्या आठवड्यात तर एका बाजूनं बंदच पडली.

पहिली नजर नेकवर, म्हंजे गिटारीच्या लांब मानेवर. हेडस्टॉककडून बंदूक रोखल्यासारखं एक डोळा मिटून बघायचं, नेकच्या दोन्ही कडा सरळ रेघेत जातायत का, कुठं पीळ तर नाही ना. पीळ असेल तर दुसरं काही बघूच नका, बॉक्स बंद करा आणि परत पाठवा, ते घरी दुरुस्त होत नाही. बाकी जवळपास सगळं होतं. माझी नेक सरळ होती, आणि खरं सांगायचं तर याच एका गोष्टीमुळे ही गिटार आज घरात आहे.

आता त्या ओरखड्यांचं. फ्रेटची, म्हंजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं नेकच्या कडेबाहेर केसभर आलेली होती. दिसत नाही, हात फिरवला की कळतं, जुन्या मोज्यानं कडेवरून पुसत गेलो तर मोजा दर फ्रेटला अडकत होता, खस खस खस. यात कारखान्याची चूक अर्धीच आहे. लाकूड दमट हवेतून कोरड्या हवेत आलं की सुकतं, आक्रसतं, फ्रेटचा धातू काही आक्रसत नाही, मग टोकं बाहेर. महागड्या गिटारीत लाकूड आधी नीट मुरवलेलं असतं आणि कडा हातानं गोल केलेल्या असतात, त्याचेच तर पैसे घेतात. इथं तो वेळ कुणी दिलेला नाही.

मी सेलवाल्यांच्या चॅटवर गेलो. तिथला संवाद आख्खा देत नाही, पण 'फ्रेटची टोकं टोचतायत' यावर समोरून 'कृपया तुटलेल्या भागाचा फोटो पाठवा' असं आलं. मी म्हटलं तुटलं काहीच नाहीये, टोचतंय. मग 'टोचण्याचा फोटो पाठवा'. शेवटी मी पंजाचा फोटो पाठवला, त्यावर 'असुविधेबद्दल क्षमस्व' आणि तिकीट बंद. परत करायची मुदत तेवढ्यात संपत आलेली. तेव्हा एक लक्षात ठेवा, बॉक्स आल्या दिवशीच सगळं तपासा, दोन दिवस नुसतं मिरवत बसू नका माझ्यासारखं.

शेवटी मित्राला फोन लावला, तो बास वाजवतो आणि त्याच्या हातून दहा-बारा गिटारी तरी गेल्यात.

"परत पाठवू का रे?"

"नेक सरळ आहे?"

"आहे."

"मग कशाला पाठवतोस? दुसरी येईल तिची नेक वाकडी निघाली म्हंजे? एक बारीक कानस घे, फ्रेटबोर्डला चिकटपट्टी लाव आणि बस एक दुपार."

एक दुपार कसली, दोन दुपारी गेल्या. चिकटपट्टी यासाठी की कानस घसरली तर लाकडाला चरा पडू नये. प्रत्येक टोकाला कानस तिरकी धरून तीन-चार हलके हात, मग बारीक सँडपेपर, मग बोट फिरवून बघायचं. एकवीस फ्रेट गुणिले दोन बाजू. बेचाळीसावं टोक झालं तेव्हा मोजा सुरळीत घसरला आणि मला जो आनंद झाला तो गिटार आल्यावर पण झाला नव्हता. हे वाचून कुणाला वाटेल की काय कटकट, तर हो, आहेच कटकट. पण या किमतीत तुम्ही लाकूड, धातू आणि मशिननं केलेली जोडणी विकत घेताय, माणसाचा हात नाही. तो तुमचा लावायचा, नाहीतर पैसे देऊन कुणाचा तरी.

मग तारांची उंची, जिला सगळे ॲक्शन म्हणतात. बाराव्या फ्रेटवर पट्टी लावली तर जाड तार तीन मिलिमीटरवर. अकूस्टिकची सवय असल्यानं मला आधी वाटलं असंच असतं, पण इलेक्ट्रिकमध्ये दीड ते दोन मिलिमीटरच्या दरम्यान पाहिजे. आता इथं सगळे चुकतात ते असं की डायरेक्ट ब्रिजवरचे, म्हंजे बॉडीवर तारा जिथं अडकवलेल्या असतात तिथले, स्क्रू फिरवायला बसतात. आधी नेक बघायची. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबायची, म्हंजे तारच सरळ पट्टी झाली, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास तारेखाली फट किती राहते ते बघायचं. तिथं साधारण पाव मिलिमीटर, म्हंजे पातळ व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. माझ्यात तीन कार्डं जात होती. तारांच्या ताणानं नेक पुढं वाकलेली. त्याच्यावर उपाय नेकच्या आतली ट्रस रॉड, मोठी ॲलन की तिचीच असते. घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, पुन्हा ट्यून करा, थोडा वेळ थांबा, पुन्हा बघा. पाव म्हंजे पावच. एकदम अख्खा फेरा मारून रॉड पिरगाळलेले लोक आहेत, त्यांच्या गिटारी भिंतीवर शोभेला लागतात. मला दोन वेळा पाव फेरा पुरला.

त्यानंतर ब्रिजवर छोट्या ॲलन कीनं सहाही सॅडल, म्हंजे प्रत्येक तार टेकते ते छोटे तुकडे, खाली घेतले, ॲक्शन पावणेदोनवर आणली, आणि हात जो काय चालायला लागला ना! बार कॉर्ड नुसता टेकवला तरी वाजतोय. बारीक तारेची जाडी इंचाचा नऊ हजारांश, ०.००९, सगळे नुसतं नऊचा सेट म्हणतात, अकूस्टिकच्या बाराच्या सेटनंतर ती दोऱ्यासारखी वाटते. पहिले काही दिवस मी इतका जोरात दाबायचो की सूरच चढा लागायचा, दाबानं तार ताणली जाते. हात हलका करायला वेळ लागला.

पण खाली घेतल्यावर एक लपलेलं भूत बाहेर आलं. दुसऱ्या तारेवर चौदावा फ्रेट दाबला की सूर यायच्या जागी टर्रर्र. म्हंजे पंधरावा वर आलेला. तपासायला जुनं एटीएम कार्ड घेतलं, त्याची बारीक कड तीन फ्रेटवर उभी टेकवायची, मधला उंच असेल तर कार्ड झोपाळ्यासारखं डुलतं. डुललं. पंधराव्याचं एक टोक नीट बसलंच नव्हतं. नेकखाली घडी केलेला टॉवेल, फ्रेटवर लाकडाचा ठोकळा, वर छोट्या हातोडीचे दोन ठोके, तिसऱ्याला हिंमत झाली नाही, पण काम झालं होतं. ॲक्शन उंच ठेवूनच गिटारी का पाठवतात ते इथं कळलं, तार वर असली की उंच फ्रेट झाकला जातो, तक्रार येत नाही.

ट्यूनिंग टिकत नाही ही या गिटारींची सगळ्यात मोठी तक्रार रिव्ह्यूमध्ये वाचाल आणि सगळे खुंट्यांना शिव्या घालतात. खुंट्या बिचाऱ्या निर्दोष असतात बऱ्याचदा. कान देऊन ऐका, तार चढवताना हेडस्टॉकच्या बाजूनं बारीक 'टिंग' आवाज येतो का? येत असेल तर तार नटच्या, म्हंजे हेडस्टॉकच्या तोंडाशी तारा टेकतात त्या छोट्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. खुंटी फिरवली तरी तार सरकत नाही, ताण साठतो, मग एकदम सरकते आणि सूर उडी मारतो. तार खाचेतून काढायची, शिसपेन्सिल घ्यायची, खाचेत काळंकुट्ट होईपर्यंत गिरवायचं, तार परत ठेवायची. ग्रॅफाइट वंगणासारखं काम करतं. मी मुलाची दोन नंबरी पेन्सिल पळवली, तो अजून शोधतोय. याच्या जोडीला नव्या तारा हातानं उचलून ताणून घ्यायच्या, पुन्हा ट्यून करायच्या, पुन्हा ताणायच्या, चार-पाच वेळा. एवढ्यानं ऐंशी टक्के प्रॉब्लेम गेला.

नटचा दुसरा त्रास जास्त चिवट. खाचा उथळ कापलेल्या असतात त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच, आणि तिथं दाबलं की सूर चढा. ई मेजर धरला की तिसऱ्या तारेचा पहिला फ्रेट कानाला खुपायचा, ट्यूनरवर उघडी तार अगदी बरोबर दिसत असूनही. महिनाभर मी स्वतःच्या कानाला दोष देत होतो. खाच कणभर खोल केली की सुटतं, पण कणभर जास्त झाली की उघडी तार कायमची किणकिणते आणि नट बदलावा लागतो. मी जुन्या जाड तारेचा तुकडा करवतीसारखा वापरून तीन खाचा केल्या, चौथीला हात थरथरला आणि सोडून दिलं. ती चौथी अजून थोडी चढी लागते. असू दे.

ब्रिजला तो दांडा असतो, ज्याला ट्रेमोलो म्हणतात. नाव मुळातच चुकीचं आहे, ट्रेमोलो म्हंजे आवाज लहानमोठा होणं, इथं सूर खालीवर होतो ते व्हायब्रॅटो, पण लिओ फेंडरनं दिलं ते नाव चिकटलं ते चिकटलं. नवीन माणसानं या दांड्याचा मोह धरू नये. ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या आणि पुढच्या तारांच्या ताणावर तरंगत असतो, एक तार उतरली की बाकीच्या पाच चढतात, ट्यून करता करता रात्र होते. मी मागचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं, स्प्रिंगांचा पंजा धरून ठेवणारे दोन मोठे स्क्रू घट्ट केले आणि ब्रिज बॉडीला टेकवून टाकला. दांडा आता फक्त खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही. मला तेवढं बास आहे. त्यानंतर इंटोनेशन, म्हंजे बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि बाराव्यावर दाबलेला सूर एकच यायला हवा, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरा आला तर पुढे. साधं आहे, फक्त सहा तारांना सहा वेळा करायचं.

आवाजाबद्दल सगळ्यात शेवटी लिहितोय कारण आवाजाला मी सगळ्यात कमी नावं ठेवीन. तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हंजे तारांचा कंप पकडणारी एकेरी वेटोळ्याची चुंबकं, स्वस्तातले असल्यानं खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी, महागड्यात असतात तशा ॲल्निको चुंबकांच्या दांड्या नाहीत. आवाज जरा धारदार, पातळ, ब्रिजवाला तर दाढेत कळ येईल असा. पण पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, स्क्रू ड्रायव्हरनं ब्रिजवाला वर घेतला आणि नेकवाला खाली, अर्धी तक्रार फुकटात मिटली. नेकवाला तारांच्या फार जवळ असला की चुंबक तारेलाच ओढतं आणि जाड तारेचा सूर डुगडुगतो, तेही थांबलं. आता लोक म्हणतात पिकअप बदला. चांगला सेट घ्यायचा तर तो या गिटारीच्याच किमतीला भिडतो, नाकापेक्षा मोती जड. आधी स्क्रू ड्रायव्हर वापरून बघा.

सिंगल कॉइल आहे म्हटल्यावर गुणगुण येणारच, घरातल्या विजेच्या तारांमधून. अंग वळवलं की कमी-जास्त होते, चार्जरजवळ वाढते. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर वायरिंग ठीक आहे असं समजायचं, कारण तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. उलट वाढली तर आत काहीतरी सुटलंय. माझ्यात पाच पोझिशनच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागी गुणगुण जवळजवळ गायब होते, म्हंजे मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे आणि दोघांची गुणगुण एकमेकांना खाते. या किमतीत हे केलंय म्हंजे कुणीतरी विचार केलाय, मनापासून खूश झालो. आणि मला त्याच दोन जागा सगळ्यात आवडतात, घंटेसारखा पोकळ गोड आवाज. आधीच्या स्ट्रॅटोकास्टरला तीनच पोझिशनचा स्विच होता, वाजवणारे तो मधेच अडकवून हा आवाज काढायचे, कंपनीला पाचची सोय द्यायला १९७७ उजाडलं.

नॉब मात्र रद्दी. व्हॉल्यूम फिरवला की स्पीकरमधून पापड मोडल्यासारखा आवाज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा इकडून तिकडं फिरवणं, दोन महिने शांतता, मग पुन्हा पापड. टोन नॉबचं तर असं की दहापासून दोनपर्यंत काहीच होत नाही आणि दोनच्या खाली एकदम रजई पांघरल्यासारखं होतं. हे पॉट, म्हंजे नॉबखालचे फिरणारे भाग, बदलणारे कधीतरी, स्वस्तात होतं ते काम, फक्त सोल्डरिंग यायला हवं.

लाकडाचं विचाराल तर बॉडी पॉप्लरची. जाहिरातीत 'निवडक टोनवूड' लिहिलेलं, हसून सोडून द्या. वजन भरपूर आहे, अकूस्टिक काखेत मारून फिरणाऱ्याला पट्टा लावून अर्धा तास उभं राहिलं की खांदा बोलायला लागतो. फ्रेटबोर्ड इंडियन लॉरेलचा आहे, हे नाव वाचून मी शोधलं तर लॉरेल म्हंजे आपला ऐन निघाला! जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींवर साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली आंतरराष्ट्रीय व्यापाराची कागदपत्रं लागायला लागली, तेव्हापासून स्वस्त गिटारींमध्ये रोजवूडच्या, म्हंजे शिसवाच्याच, जागी लॉरेल दिसायला लागलं. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली तरी लॉरेल काही गेलं नाही. माझा फ्रेटबोर्ड आला तेव्हा राखाडी, कोरडा, तहानलेला दिसत होता. लेमन ऑइलचे चार थेंब कापडावर घेऊन चोळले आणि पावसात भिजल्यासारखा काळाभोर झाला. फोटो काढून मित्राला पाठवला, त्याचं उत्तर, "वाजव आता."

आता अँपचा, म्हंजे ॲम्प्लिफायरचा, विषय, कारण खरी फसगत तिथं होते. सेलमध्ये गिटार आणि छोटा दहा वॉटचा अँप असा कॉम्बो होता, थोडेच पैसे जास्त. मी मोहात पडलो नाही असं लिहायला आवडलं असतं, पण पडलो. क्लीन आवाज ठीकठाक, डिस्टॉर्शनचं बटण दाबलं की डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज निम्मा तरी अँपमध्ये असतो, खराब गिटार चांगल्या अँपवर चालून जाते, उलटं कधीच होत नाही. त्यामुळे कॉम्बोचे वरचे पैसे वाचवून त्यात थोडी भर घाला आणि हेडफोनचा छोटा अँप किंवा गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा, ऑडिओ इंटरफेस, घ्या, घरातल्यांचे आशीर्वाद पण मिळतील. गिटार थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात नाहीतर होम थिएटरमध्ये खुपसू नका, माझं सगळं करून झालंय. पिकअपला समोर साधारण १ मेगाओमचा इनपुट लागतो, तो तिथं नसतो, आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा येतो. ब्लूटूथ स्पीकरचं तर नावच काढू नका, बोट आत्ता आणि आवाज नंतर, वेड लागतं.

कानस, सँडपेपर, क्लीनर, नवीन तारा, चांगली केबल, असं सगळं धरून वर गिटारीच्या किमतीच्या साधारण पाचवा हिस्सा गेला. सेलमधल्या सवलतीतून तेवढा वजा करून मगच किंमत बघा. तरीही स्वस्तच पडली, हे मान्य. ज्याला पहिल्यांदाच गिटार हातात घ्यायचीय आणि स्क्रू ड्रायव्हर बघून घाम फुटतो त्यानं सेलच्या नादी न लागता जिथं हातात घेऊन बघता येईल आणि सेटअप करून देतील तिथूनच घ्यावी, थोडे जास्त गेले तरी, नाहीतर ती उंच ॲक्शनची, चढ्या सुराची गिटार महिनाभर वाजवून 'आपल्याला जमत नाही' म्हणून कपाटावर जाते. जमत सगळं असतं, तार तीन मिलिमीटरवर असते. आणि ज्याच्याकडे आधी एक गिटार आहे आणि उघडून बघायची खाज आहे त्यानं बिनधास्त घ्यावी, मी तर म्हणेन शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही, बिघडवायची भीतीच नाही.

साडेतीन स्टार. नेक, पिकअपची जोडणी आणि खुंट्या यांचे साडेतीन, बाकीचे दीड कापले ते नॉब, केबल आणि त्या चॅटसाठी.

अपडेट: काल वाजवता वाजवता आवाज गेला. केबल बदलली, तेच. जॅकची, म्हंजे केबल खुपसतो त्या भोकाची, नट सैल होऊन आख्खा जॅक आतल्या आत फिरत होता आणि एक वायर पिळवटून तुटली होती. दर महिन्याला ती नट बोटानं तपासा आणि सैल वाटली तर बाहेरून नुसती आवळू नका, प्लेट उघडून आतून जॅक धरा आणि मग आवळा, मी बाहेरूनच आवळत होतो म्हणून तर वायर तुटली. सोल्डरिंग आयर्न मित्राकडून आणलीय, आता आणलीच आहे तर पॉट पण बदलून टाकतो.